पहिल्या पेल्याचा खुलासा

गवळी गल्ली, कोल्हापूर
शनिवार, दि. २२ ऑगस्ट १९९८

तीर्थस्वरूप शंकरप्पा मामांच्या पायाशी भाचा सोमशेखर याचे शरणु शरणार्थी. अंबूबाई मामींनाही तेच सांगावे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. माझे पोट वगळता सर्व क्षेम आहे. तुमचा गुडघा कसा हाय? राधानगरीच्या पावसात जास्तच धरत असंल. एरंडेल चोळत जावा, आणि गोठ्यात उकिडवं बसू नका. तुमच्या शिवप्रसादच्या लग्नाची तारीख निघाली का? निघाली असंल आणि आम्हाला कळवली नसंल, तर त्याचं कारण मला ठाऊक हाय, आणि ते कारण बरोबर हाय.

मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मामींनी उचलला, आणि तिन्ही वेळा मागनं तुमचा आवाज आला की ज्यानं चिठ्ठी लिहून म्हैस परत धाडली, त्यानं काय बोलायचं ते लिहूनच बोलावं. (मामी तवाच सांगत होत्या की ते घरात न्हाईत. मामींना खोटं बोलता येत न्हाय, हे आपल्या घराण्याचं भाग्य.) म्हणून लिहायला बसलोय. जुन्या अकरावीच्या पेपरानंतर एवढं कधी लिहिलं न्हाय. अक्काताई शेजारी तांदूळ निवडत बसलीया आणि एक डोळा कागदावर ठेवून हाय. म्हणती, नवरा असला म्हणून काय झालं, मामांपासनं काय लपवलं तर खाली मी माझ्या हातानं लिहीन. तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ह्या पत्रात मागणं काही न्हाय. नुसता खुलासा हाय.

तुम्हाला ठाऊक हाय तेच परत सांगतो, कारण त्याशिवाय माझा वेडेपणा केवढा ते कळायचं न्हाय. संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाइकापुढं पेल्यात धार काढायची आणि फेस बसायच्या आत त्यानं पेला रिकामा करायचा, हे सगळेच गवळी करतात. पण पहिला पेला मालकानं स्वतः, उभ्यानं, सगळ्यांच्या देखत प्यायचा, ही रीत आमच्या वडलांची, अप्पांची. अप्पा म्हणायचे, जे आपल्या पोटात जात न्हाय ते दुसऱ्याच्या पोटात घालायचं न्हाय. ते गेले तवापासनं तो पेला मी पितोय. ताप असो, दाढ दुखो, महापुराचं पाणी रस्त्यावर असो, पेला चुकला न्हाय. आणि अप्पांच्या मागं गोठ्यात दोनच म्हशी उरल्या, तवा भाच्याचं रिकामं दावं बघवत न्हाय म्हणून तुम्ही चंद्रीला आणून बांधलीत. एवढीशी रेडी होती ती. पहिल्यांदा व्याली तवापासनं पहिला पेला तिचाच. तिला माझ्याशिवाय कोणी कासेला हात लावलेला खपत न्हाय, हेही तुम्हाला आता कळलंच असंल.

जूनमध्ये शिवप्रसादच्या साखरपुड्याला आलो. जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती. (तुमची म्हैस आटलेली म्हणून बासुंदीचं दूध बाहेरनं आणावं लागलं, याचीच तुम्हाला चुटपुट होती.) नव्या पावसाचं पाणी होतं, का पावण्यांतलाच कोण साथ घेऊन आलता, देव जाणे, पण तिसऱ्या दिवशी मांडवातली निम्मी माणसं आडवी. नवरीकडची आडवी, नवऱ्याकडची आडवी. दोन्ही घराणी तोलामोलाची हायत हे तिथंच ठरलं. तुम्हाला दोन बाटल्या सलाईन लागल्याचं कळलं. मला तीन. चार दिवसांनी उलट्या थांबल्या, जुलाब थांबले, भूक लागली, आणि मी बरा झालो म्हणून देवाला नारळ फोडून आलो. तो नारळ जरा लवकरच फुटला.

सहाव्या दिवशी कट्ट्यावर गेलो. चंद्रीची धार काढली, पहिला पेला उभ्यानं पिलो, मिशी पुसली, कामाला लागलो. अर्ध्या तासानं पोटात गुडगुड सुरू झाली. मग पोट नगाऱ्यागत फुगलं. मग हातातलं दावं निसारभाईंच्या हातात देऊन मला पळावं लागलं. निसारभाई म्हणजे कट्ट्यामागं ट्रंकांचं दुकान असलेले, मामींची हिरवी ट्रंक तुम्ही त्यांच्याकडनंच नेलती. देव त्यांचं भलं करो. दुकानामागं त्यांचं घर हाय, आणि घरामागं जे पाहिजे ते हाय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याभरात माझा हिशेब पक्का झाला की पेला पिल्यापासनं पस्तीस मिनिटं माझी, पुढची निसारभाईंची. त्यांच्या सुलतानबी भाभी मी दिसलो की न बोलता दार उघडून बाजूला व्हायच्या. एवढी अदब मला सासुरवाडीत सुद्धा मिळाली न्हाय. (अक्काताईनं हे वाचलं. असू दे म्हणाली.)

आता माझं डोकं कसं चाललं ते बगा. मी म्हटलं, आजार तर गेला. ताप न्हाय, उलटी न्हाय. भाकरी पचती, आमटी पचती, ताकाचा तांब्या पचतो, दही पचतं. मग पोट माझं चांगलं हाय. चाळीस वर्षं दूध पिलेल्या गवळ्याचं पोट बिघडतंय होय कधी? तर मग बिघडलंय ते दूध. आणि मी पितो ते चंद्रीचं. म्हणजे दोष चंद्रीचा. मामा, गिरणीवाल्याला ठसका लागला तर तो गव्हाला नाव ठेवतो, आणि गवळ्याला पोटात कळ आली तर तो म्हशीकडं बघतो. आमच्या गल्लीत कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. मी विचारलं. आणि सगळ्यांनी हेच सांगितलं.

मग चंद्रीचे उपचार सुरू झाले. आधी उसाचं वाडं बंद केलं, मग सरकी बंद केली, मग नुसत्या कडब्यावर ठेवली. ती माझ्याकडं बघायची आणि मी दुसरीकडं. मग जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडी बघितली, शेण बघितलं, डोळे ओढून बघितले आणि म्हणाले, म्हैस ठणठणीत हाय. मी म्हटलं, साहेब, मग माझं पोट का दुखतंय? ते म्हणाले की त्यांचं शिक्षण चार पायांपर्यंतच झालंय. तरी मी सोडलं न्हाय, तेव्हा वैतागून एक पूड देऊन गेले. वर मी घरचं ओवा, हिंग आणि काळं मीठ गुळात मळून तिला चारलं, म्हणजे औषध लागणार मला आणि पोटात जाणार तिच्या. दृष्ट काढली. मठातल्या अय्यांकडनं विभूती आणून कपाळाला लावली. लिंबू बांधलं, ते तिनं खाल्लं. पंधरा दिवसांत इतकं करून फरक एवढाच पडला की चंद्रीचंही पोट बिघडलं. मी त्यावरनं उलट खूश झालो. म्हटलं, बगा, मी म्हणत नव्हतो?

दुसऱ्या कोणाला त्या दुधानं काही होत नव्हतं, हे मला दिसत नव्हतं असं न्हाय. पिराजी वस्ताद रोज चंद्रीचे चार पेले पितात. तालमीतला जुना माणूस, अप्पांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांना काही झालं न्हाय. पण मी म्हटलं, वस्तादांच्या पोटात दगड टाकला तरी त्याचं पीठ होऊन पडंल, त्यांचा दाखला धरायचा न्हाय. शेजारचा कृष्णात मात्र डोळे उघडे ठेवून होता. त्याच्या म्हशी माझ्या म्हशींना लागून बांधलेल्या असतात. त्यानं बोभाटा केला न्हाय, नुसतं आल्या गिऱ्हाइकाला विचारायला लागला, की पावणं, सोमाण्णा आपलंच दूध पिऊन रोज कुठं पळतोय हो? एवढंच. कोल्हापुरात एवढं पुष्कळ होतं. हळूहळू माझ्यापुढची माणसं दोन पावलं सरकून त्याच्यापुढं उभी राहायला लागली.

आणि मग मी ते केलं, जे अप्पांनी जिवंतपणी बघितलं असतं तर मला कट्ट्यावरच हाणलं असतं. पेला तोंडाला लावायचा, फेसात मिशी बुडवायची, घोट घेतल्यागत गळा हलवायचा आणि पाठ वळवून पेला बादलीत ओतायचा. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी वळलो तर समोर पिराजी वस्ताद. त्यांनी पेला बघितला, बादली बघितली, माझी मिशी बघितली. स्वतःचा भरलेला पेला कट्ट्यावर ठेवला, न पिता, आणि चालत गेले. कृष्णातकडंही थांबले न्हाईत, सरळ घरी गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फेस बसेपर्यंत मी त्या पेल्याकडं बघत उभा होतो. लाज वाटली मामा, फार लाज वाटली.

लाज वाटली की माणूस कोणावर तरी चिडतो. मी चंद्रीवर चिडलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच टेम्पो बोलावला. ती चढंना. टेम्पोवाल्यानं ओढलं, ढकललं, ती पाय रोवून उभी. शेवटी मी पुढं होऊन हाक मारली तवा चढली. माझ्या हाकेवर चढली, मामा. आणि मी टेम्पोवाल्याच्या हातात ती चिठ्ठी दिली. तुमच्याजवळ ती असंल, तरी इथं परत लिहितो, म्हणजे मी विसरलोय असं वाटायला नको: “आपली म्हैस आपल्याला लखलाभ. हिच्या दुधानं माझं पोट आणि नाव दोन्ही गेलं. देताना बघून दिली असती तर बरं झालं असतं.” ह्यातलं शेवटचं वाक्य लिहिताना अक्काताईनं माझा हात धरलाता. मी तो झटकला.

चंद्री गेली. संध्याकाळी दुसऱ्या म्हशीचं, बिजलीचं, दूध पिलो. पस्तीस मिनिटं. निसारभाई. दुसऱ्या दिवशी तिसरीचं पिलो. पस्तीस मिनिटं. मग चोरून दुकानातनं पिशवीचं दूध आणलं (गवळ्यानं पिशवीचं दूध आणणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, मी ते टॉवेलात गुंडाळून आणलं). तापवून पिलो. बत्तीस मिनिटं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला की एवढ्या सगळ्या म्हशी एकदम बिघडणार न्हाईत, पण एक सोमशेखर बिघडू शकतो.

निसारभाईंची सदफ आता डॉक्टर झालीया, गल्लीच्या तोंडाशीच दवाखाना घातलाय. तिच्याकडं गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. चंद्रीच्या उपचारांचं ऐकताना दोनदा तोंडाला रुमाल लावला. मग नीट समजावलं, ते तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. आतड्याला आतनं मऊ अस्तर असतं. साथीचा विषाणू ते खरवडून नेतो. दुधातली साखर पचवणारा रस त्या अस्तरात तयार होतो. आजार जातो, पण अस्तर भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर दूध पोटात गेलं की नुसतं फसफसतं. दह्याताकात ती साखर थोडी मोडलेली असती म्हणून ते चालतं, चहातलं चमचाभर चालतं. कोणाचं पंधरा दिवसांत भरतं, कोणाला चार-चार महिने लागतात. दूध बंद ठेवायचं, मग थोडं थोडं सुरू करायचं. दुसरं औषध न्हाय. एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “काका, तुमच्या चंद्रीचं दूध पिऊन मी डॉक्टर झाले, आणि तुम्हालाच दूध बंद करायला सांगतेय. राग मानू नका.” मी तिच्यापुढं रडलो. तिला वाटलं दुधासाठी रडतोय.

तिथनं उठलो तो सरळ पिराजी वस्तादांच्या घरी गेलो आणि सगळं कबूल केलं. पेला ओतल्याचं सांगितलं, अस्तराचं सांगितलं, चिठ्ठीचंही सांगितलं. वस्ताद म्हणाले, “पोट बिघडलं तर माणसानं सांगावं की. त्यात लाज कसली? पेला दुसऱ्या कोणी पिला असता. पण तू आम्हाला फसवलंस आणि मुक्या जनावराच्या माथी मारलंस. ती खुंट्याला परत दिसल्याबिगर मी तुझ्या कट्ट्यावर पाय ठेवणार न्हाय.” वस्ताद न्हाईत म्हणून तालमीतली पोरं न्हाईत, आणि ती न्हाईत म्हणून बाकीचे न्हाईत. अप्पांच्या कट्ट्यावर आता मी, दोन म्हशी आणि माशा असतो.

तर मामा, खुलासा हा एवढा हाय. चंद्रीचा दोष नव्हता. तुम्ही बघूनच दिली होती. मी जे लिहिलं ते खोटं होतं, आणि अप्पांच्या माघारी ज्या माणसानं मला हात दिला त्याला लिहिलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं. सुरुवातीला म्हटल्याप्रमाणं मागणं काही न्हाय. मामींना नमस्कार, शिवप्रसादला आशीर्वाद, गुडघ्याला जपा.

आपला चुकलेला भाचा,
सोमशेखर

ता. क. चंद्रीला परत धाडा. मागणं न्हाय असं वर दोनदा लिहिलंय ते खोडायला कागद चांगला न्हाय म्हणून तसंच ठेवलंय. टेम्पो मी इकडनं पाठवतो. ती चढली न्हाय तर मला बोलवा, मी येऊन हाक मारतो. आता माझ्या हाकेवर चढंल का न्हाय ते मात्र सांगता येत न्हाय.

ता. क. दुसरा. (हे मी, अक्काताई, लिहितेय. मामा, ह्यांनी दोन गोष्टी सांगितल्या न्हाईत. एक, चंद्री गेल्यापासनं रोज सकाळी तिच्या रिकाम्या खुंट्यापुढं वैरण टाकतात आणि मी बघायच्या आत उचलतात. दुसरी, पेला आता कोणी प्यायचा ह्यावर ह्यांनी ठरवलंय की पोट भरून येईस्तोवर तुम्ही चार दिवस येऊन राहावं आणि पहिला पेला तुमच्या हातात द्यावा. तोंडानं निघत न्हाय म्हणून मी लिहिलं. आणि डॉक्टरनं दूध बंद सांगितल्यावर ह्यांनी परवा चोरून बासुंदी खाल्ली.)

ता. क. तिसरा. बासुंदी नव्हती, खीर होती.

पत्र पाकिटात घालत होतो एवढ्यात मामींचा फोन आला. तुम्ही बाहेर गेलाय बघून त्यांनी केला. मामा, त्यांनी सगळं सांगितलं. म्हणजे साखरपुड्यापासनं तुमच्याकडं चहापुरतंच दूध होतं, चंद्री आल्यावर तुम्ही सकाळ-संध्याकाळ तांब्याभर प्यायला लागलात (ती तुम्हाला धार काढू देती हे ऐकून मला जरा लागलं), आणि तवापासनं तुमचं पोट फुगतंय, गुडगुडतंय, आणि गुडघा धरून तुम्ही घरामागं परड्यात पळताय. तुम्ही जनावरांचा डॉक्टर आणलात. सरकी बंद केलीत. दृष्ट काढलीत. आणि मामींना म्हणालात की सोम्या चिठ्ठीत खरंच लिहीत होता, म्हशीतच खोट हाय, सोमवारच्या बाजारात तिला विकून टाकू. मामा, दोन आठवडे तुम्ही मला खरं मानताय आणि फोनवर येत न्हाय!

मी खोटा हाय. सदफनं सांगितलेलं वर लिहिलंय, ते परत वाचा. सलाईन तुम्हालाही लागलं होतं. म्हशीला औषध देऊ नका, दूध तुम्ही सोडा, ताक प्या.

टपालानं हे पत्र मंगळवारी पोचंल आणि बाजार सोमवारी हाय. म्हणून उद्या रविवारी पहिल्या एस.टी.नं हे घेऊन मीच येतोय. लिहूनच बोलावं असं तुम्ही म्हटलंय, तेव्हा मी तोंड उघडणार न्हाय. पत्र मामींच्या हातात देईन आणि गोठ्यात चंद्रीपाशी जाऊन बसंन. आत्ता तुम्ही हे वाचताय तवा मी तिथंच हाय. वाचून झालं की हाक मारा. आणि मामींना चहा टाकायला सांगा. दोन कप, दोन्ही कोरे.